उन्हात वाजलेला भोंगा

धुरकं आलं की शहरातला एकूण एक माणूस त्याला शिव्या घालतो. घालाव्यातच. पण शिव्या घालून घसा बसला की हीच माणसं संध्याकाळी दारातला पालापाचोळा झाडून गोळा करतात आणि शांतपणे त्याला काडी लावतात. नदीच्या वरच्या अंगाला शेतं पेटलेली असतात, त्यांच्या पलीकडे रान पेटलेलं असतं, शहरात गाड्या, भट्ट्या आणि कचऱ्याचे ढीग असतात, आणि नेमका याच दिवसांत वारा पडतो. मग पाऊस संपल्यानंतरचे दोन-तीन महिने सगळं शहर एका भल्यामोठ्या चुलीशेजारी बसल्यासारखं खोकत असतं. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दोरीवरचे कपडे काढताना ते धुतल्याचा पश्चात्ताप होतो. माणसं भेटली की "काय, कसं काय" असं न विचारता "तुमच्या घरातून दिसतं का काही" असं विचारतात.

या सगळ्या शहरात धुरकं हवंहवंसं वाटणारा माणूस एकच होता, आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

तो लाँचवरचा सारंग. नदी मुखाजवळ इतकी रुंद होते की तिच्यावर पूल बांधायचं ठरलं होतं. दोन खांब उभे राहिले आणि तिथंच पुलाचं मन बदललं. तेव्हापासून अलीकडून पलीकडे जायला लाँच. लाकडी बाकं, वर पत्रा, पुढे काचेची केबिन, आणि केबिनमध्ये चाक धरून उभा असलेला हा माणूस. लाँच चालवणाऱ्याला सारंग म्हणतात; याचं खरं नाव घरच्या कागदांवर असेल, धक्क्यावर ते कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. पोट जरासं सुटलेलं, आवाज भरदार, डोक्यावर रंग उडालेली टोपी, आणि स्वस्थ बसणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. प्रवासी चढेपर्यंतसुद्धा हा केबिनमधून उतरे, दोर ओढून बघे, धक्क्याला लावलेल्या टायरांना लाथ मारून बघे, पुन्हा चढे. बायको म्हणायची, "ह्यांना खुर्ची तापलेल्या तव्यासारखी लागते."

पाऊस संपता संपता त्याला समोरच्या होड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसायला लागल्या. उन्हात पाणी चमकलं की नुसता पांढरा लोळ. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तो चष्मेवाल्याकडे गेला. चष्मेवाल्यानं डोळ्यात बॅटरी मारून बघितली.

"काका, आता चष्म्यानं भागायचं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करून टाका. आजकाल काही नसतं हो त्यात, सकाळी जायचं नि संध्याकाळी घरी."

सारंग "बरं बरं" म्हणाला, टोपी घातली, आणि त्या गल्लीतून जाणंच त्यानं सोडून दिलं.

भित्रा म्हणाल तर तो भित्रा नव्हता. वादळात लाँच आडवी व्हायला आली होती तेव्हा हा चाकाला लोंबकळून प्रवाशांवर ओरडत होता, की गप बसा रे, उठलात तर बुडाल. पण याच्या भीतीला एक चेहरा होता आणि तो रोज पलीकडच्या धक्क्यावर बसलेला असे. तो याचा उस्ताद. याला चाक धरायला शिकवलं ते त्यानं. एके काळी नदीवर त्याच्या तोडीचा सारंग नव्हता. मग त्याचे डोळे गेले. लपवता येईल तितकं त्यानं लपवलं, दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला, आणि कंपनीनं दया म्हणून त्याला पलीकडची घंटा दिली. धुरक्यात धक्का दिसत नाही, म्हणून लाँच मध्यावर आली की लांब भोंगा देते, आणि त्याला उत्तर म्हणून धक्क्यावरून घंटा वाजते. घंटेच्या रोखानं चाक धरायचं, की लाँच बरोबर धक्क्याला. एवढंच उस्तादाचं काम. धुरकं सरलं की तेही नाही. मग वर्षाचे उरलेले महिने म्हातारा त्या घंटेखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "वाजले किती?" एवढंच विचारी. कुणी सांगितलं की "बरं" म्हणे, आणि मागून येणाऱ्याला पुन्हा तेच विचारी.

सारंगाचा हिशेब सरळ होता. ऑपरेशन म्हणजे रजा, रजा म्हणजे तपासणी, तपासणी म्हणजे चाक गेलं, आणि चाक गेलं की आपण घंटेखाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यानं मूठ झाकली. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

आणि मग धुरकं आलं, आणि सगळेच त्याच्यासारखे झाले.

बाकीचे सारंग धुरकं दाट झालं की लाँच बांधून चहा पीत बसत. याची लाँच मात्र सुटायची. इंजिन मंद, केबिनच्या काचा खाली, आणि हा मान जराशी वाकडी करून ऐकत उभा. वाळूच्या पट्ट्यावर पाणी कसं फुटतं, बिनपुलाच्या खांबांशी ते कसं गुरगुरतं, बार्जचं इंजिन कुठून घुमतं, हे त्याला पाठ होतं. मध्यावर आला की तो भोंग्याची दोरी ओढी. लांब, घोगरा आवाज. मग पांढऱ्या भिंतीच्या आतून कुठूनशी घंटा वाजे, आणि हा चाक फिरवी. प्रवासी तोंडावरचे मास्क खाली करून म्हणत, "मानलं बुवा तुम्हाला." ऑफिसातल्या साहेबानं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली आणि बाकीच्यांना ऐकवलं, "शिका जरा ह्यांच्याकडून." वासरांत लंगडी गाय शहाणी असते, हे त्या दिवशी फक्त त्या गायीलाच ठाऊक होतं.

दोर आणि इंजिन सांभाळणारा एक खलाशी होता, त्याला सगळे बडबड्या म्हणत. तो प्रत्येक फेरीला कुणातरी नव्या प्रवाशाला सांगे, "आमच्या सारंगांना डोळे मिटून सोडा, तरी लाँच धक्क्याला लागेल." हे ऐकलं की सारंग उगाच दोर तपासायला जाई. चोराच्या मनात चांदणं.

एक गोष्ट मात्र त्यालाही कळत नव्हती. समोरच्या पांढऱ्यातलं किती बाहेरचं आणि किती डोळ्यातलं, याची वाटणी करायला काही मार्गच नव्हता. आपले डोळे तेवढेच आहेत की धुरक्याच्या आडोशानं आणखी गेलेत, हे बघायचं तर धुरकं सरायला हवं होतं, आणि ते सरू नये अशीच तर त्याची इच्छा होती.

एरवी हे चालून गेलं असतं. माणूस मनात काय काय इच्छा करतो, कोण विचारायला जातंय? पण घरी बायको होती.

ती घरीच मशीन चालवायची. शाळांच्या गणवेशांची काज-बटणं तिच्याकडे यायची, आणि मशीनच्या बरोबरीनं तिची जीभ चाले. शेजारणी, त्यांच्या सुना, त्या सुनांच्या आया, सगळ्यांचा समाचार घेत घेत ती बटणं लावी, आणि तिच्या बोलण्यात स्वल्पविरामसुद्धा नसे. पण गेल्या काही वर्षांपासून धुरकं तिच्या छातीत बसायला लागलं होतं. या वर्षी तर फारच. दोन खोल्यांच्या खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद केलेल्या, दाराखाली ओला टॉवेल, उशाशी दम्याचा पंप, आणि आतल्या खोलीत ती भिंतीला टेकून बसलेली. दोन शब्द बोले, थांबे, श्वास ओढी, पुढचे दोन बोले.

त्यात लेकीला मुलगी झाली ती ऐन धुरक्यात. लेक पलीकडे राहायची. डॉक्टरांनी बाळाला बाहेर काढू नका म्हणून सांगितलं होतं, आणि आजीला तर दारसुद्धा उघडू नका. नदीच्या दोन तीरांवर आजी आणि नात, आणि मध्ये हे राखेच्या रंगाचं आभाळ. लेक फोन करायची तेव्हा म्हणायची, "आई, तू नको बोलूस. मी बोलते, तू नुसती ऐक." मग ती बाळाचं रडणं ऐकवी, आणि ही फोन कानाशी घट्ट धरून ऐके. ऐकता ऐकता मऊ जुन्या कापडाची इवली इवली झबली शिवी. पिशवी भरत आली होती.

रोज सकाळी ती आतून विचारायची, "अहो... टाकी दिसते का बघा ना."

त्या वस्तीत हवा मोजायची तीच रीत होती. लांब टेकाडावर पाण्याची एक उंच टाकी होती. टाकी दिसली तर बाहेर पडायचं, नाही दिसली तर घरात बसायचं. लोक मोबाईलवर आकडे बघत, पण विश्वास टाकीवर. सारंग बाहेरच्या खोलीत जाई, काचेला नाक लावी, आणि सांगे, "नाही दिसत."

खोटं तो बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत नव्हती.

एके दिवशी सकाळी तिला जोराची उबळ आली. ती हातानं मशीनचं टेबल धरून वाकली, चेहरा काळानिळा पडला. त्यानं पाठीमागे बसून तिला आपल्या छातीशी टेकवलं, पंप तोंडाशी धरला. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. बाहेरच्या खोलीत रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. हवेच्या बातम्यांत सांगत होते, की या आठवड्यात वारा फिरण्याची आणि धुरकं कमी होण्याची शक्यता आहे.

"ऐकलंस का गं? वारा फिरणार म्हणे," तो तिच्या कानाशी म्हणाला.

तिनं मान हलवली. आणि त्याच क्षणाला, इतक्यात नको, असं त्याच्या आत कुणीतरी म्हणालं. आणखी थोडे दिवस. जिला छातीशी धरून आपण श्वास मोजतोय, तिच्या पाठीशी बसून आपण असली इच्छा करतोय, हे कळलं आणि त्याला स्वतःची किळस आली. तो ताडकन उठला. तिला उशीला टेकवून टोपी शोधू लागला.

"जाता जाता... एवढी सुई... ओवून द्या," ती म्हणाली. तिला दोनदा जमलं नव्हतं.

"मला उशीर होतोय," तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला. पहिली फेरी सुटायला बराच वेळ होता. तो धक्क्यावर जाऊन टायरांना लाथा मारत बसला. घरी ती सुई हातात घेऊन बराच वेळ तशीच बसली होती. आपल्या खोकल्याला नवरा कंटाळला, असं तिच्या मनानं घेतलं, आणि असं एकदा मनानं घेतलं की त्याला पुरावे सापडतच जातात. तो घरात टिकत नाही, समोर बसत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. सगळं जुळत होतं. फक्त चुकीचं जुळत होतं.

वारा फिरायला त्यानंतर चार-पाच दिवस लागले. त्या दिवसांत सारंगानं घरात आणि धक्क्यावर मिळून किती येरझाऱ्या घातल्या असतील ते त्याच्या चपलांना विचारावं. मग एका पहाटे खिडकीच्या फटीवरची चिकटपट्टी फडफडू लागली. समुद्राकडून वारा येत होता. त्याच्या वासानं सारंगाला जाग आली, खारा, ओला वास, आणि तो डोळे मिटून पडून राहिला. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं काही राहत नाही.

"अहो," आतून आवाज आला, "टाकी बघा ना आज."

तो उठला, काचेला नाक लावलं. बाहेर ऊन होतं. भलतंच पांढरं ऊन. समोरच्या घरांची छपरं विरघळत होती आणि त्यांच्यावर नुसता उजेड होता.

"नाही दिसत," तो म्हणाला.

एवढ्यात जिन्यातून शेजारीण ओरडली, "अहो वहिनी! उघडा खिडक्या! टाकी दिसली! टाकीवरचा गंज दिसतोय, या बघायला!"

सारंग काचेपासून मागे सरला.

"तुम्ही तर नाही म्हणालात," बायको दारात येऊन म्हणाली.

"आत्ता दिसायला लागली असेल."

तिनं त्याच्याकडे बघितलं, पण तिला भांडायला वेळ नव्हता. ती खिडक्यांच्या पट्ट्या टराटरा ओढत होती. वारा आत आला, मशीनवरची चिंध्यांची चवड उडाली, आणि ती मध्ये उभी राहून तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिली, पाणी पिताना घेतात तसा. मग तिनं केस विंचरले, झबल्यांची पिशवी काढली, पंप पिशवीत टाकला आणि जाहीर केलं, "मी येतेय तुमच्या लाँचनं. नातीला बघायला."

"आज? आज नको. एवढ्या दिवसांनी एकदम बाहेर..."

"मग काय पुढच्या धुरक्यात जाऊ?"

सारंगानं टोपी घातली आणि दार उघडलं.

धक्क्यावर नुसता उत्साह होता. माणसं मास्क खिशात घालून एकमेकांचे चेहरे नव्यानं बघत होती. नर्सा, मास्तर, भाजीवाल्या, सायकली घेतलेली माणसं, सगळे बडबड करत चढले. बायको केबिनच्या अगदी मागच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. दोर सुटला, इंजिन खणखणलं, आणि लाँच धक्क्याच्या सावलीतून बाहेर आली.

सावलीतून बाहेर आल्याबरोबर सारंगाचं जग संपलं.

ऊन पाण्यावर पडलं होतं आणि पाणी होतं तिथं काहीच नव्हतं. नुसती पांढरी आग. त्यानं टोपी पुढे ओढली, डोळे बारीक केले, कपाळावर हात धरला. खांब दिसेनात, पट्टा दिसेना, पलीकडचा तीर तर राहूच द्या. धुरक्यात निदान अंधुक राखाडी तरी असे; इथं त्याचे स्वतःचेच डोळे त्याच्यावर उजेड ओतत होते. आत्ता कुठे त्याला वाटणी कळली. बाहेरचं सगळं गेलं होतं, आणि तरी पांढरं तितकंच होतं. हे सगळं माझंच. त्यानं ऐकायचा प्रयत्न केला, तर मागे सगळी लाँच हसत-बोलत होती, त्यात पाण्याचा आवाज कुठला सापडायला? बडबड्याला चाक द्यावं, तर तो इंजिनाचा माणूस, त्यानं जन्मात लाँच धक्क्याला लावली नव्हती. थांबावं, तर मध्यावर ओढ असते, लाँच वाहत खांबांवर जाणार. आणि मागच्या बाकावर ती बसली होती.

त्याचा हात वर गेला. त्यानं मुद्दाम नाही नेला, आपोआप गेला, अख्खा मोसम गेला होता तसा. त्यानं दोरी ओढली आणि लख्ख उन्हात, टाकीवरचा गंज दिसेल अशा हवेत, लाँचनं धुरक्याचा लांब घोगरा भोंगा दिला.

क्षणभर कुणाला कळेना. मग सगळी लाँच हसत सुटली.

"काका, जागे व्हा, धुरकं गेलं!" कुणीतरी ओरडलं.

"आमच्या सारंगांना त्याची आठवण येतेय हो!" बडबड्या खालून किंचाळला. "लळा लागला होता!"

माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती. एक बाई तर डोळे पुसत होती. आणि त्या हसण्यातच पलीकडून घंटा वाजली.

एकदा. मग पुन्हा. मग थांबून थांबून, धुरक्यात वाजते तशी.

हसणं एकेका बाकावरून विझत गेलं. आज घंटा कशाला, असं माणसं एकमेकांकडे बघू लागली. पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्याला काही दिसत नव्हतं, पण वारा त्याच्याही नाकाला कळला होता. आज धुरकं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धुरकं नसताना भोंगा देणारा सारंग कसा असतो, हे मात्र त्या नदीवर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

सगळी लाँच हसली तेव्हा एकटी बायको हसली नव्हती. ती उठून केबिनच्या दारात आली.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "काय दिसतंय तुम्हाला?"

त्यानं टोपी आणखी पुढे ओढली.

"टाकी?"

"काही नाही गं," तो म्हणाला. आवाज भरदार माणसाचा, पण आत काही राहिलं नव्हतं. "काहीच नाही दिसत. धुरक्याच्या आधीपासून."

ती पुढे झाली, काचेच्या चौकटीला एका हातानं धरून उभी राहिली.

"डावीकडे घ्या," ती म्हणाली. "डावीकडे! होडी आहे समोर, माणूस आहे तिच्यात!"

त्यानं चाक फिरवलं आणि खाली ओरडला, "इंजिन हळू!" होडीतला माणूस उजव्या अंगानं शिव्या देत गेला. इतक्या जवळून गेला की शिवी न शिवी ऐकू आली.

"आता सरळ. जरा उजवीकडे... पुरे. खांब येतायत, दोन्ही डाव्या हाताला आहेत, लांब आहेत. असंच धरा. आणि मला मेलीला वाटत होतं की ह्यांना माझा खोकला सोसत नाही! सुई ओवून द्या म्हटलं तर उशीर होतोय म्हणे. उजवीकडे, उजवीकडे, बार्ज उभा आहे तिथं वाळूचा. तीस वर्षं संसार केला, उठता बसता ह्यांना चहा केला, आणि हे माझ्यापासून डोळे लपवतायत. डोळे काय खिशातली बिडी आहेत लपवायला? आता सरळ, घंटेकडे. रोज सकाळी टाकी बघायला कुणाला पाठवत होते मी, आंधळ्याला! शेजारीण नसती तर वर्षभर खिडक्या लावून बसले असते. थोडं डावीकडे. पट्ट्यावर पाणी फुटतंय तिथं, त्याच्या बाहेरून घ्या. आणि ह्या सगळ्या माणसांना काही झालं असतं म्हणजे? माझं सोडा, ह्यांच्या घरी कोण तोंड दाखवणार होतं? हळू. आता अगदी हळू. धक्का दिसतोय, म्हाताऱ्याची घंटा दिसतेय, दोर घेऊन माणूस उभा आहे. आणखी थोडं. आणखी. बस!"

टायरांना लाँच घासली. बडबड्यानं एकही शब्द न बोलता दोर फेकला. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच होत असावं.

सारंग चाक धरून उभा होता. कानाचा तयार माणूस तो, त्याला एक गोष्ट सगळ्यांच्या आधी ऐकू आली होती. मध्यापासून धक्क्यापर्यंत बायको बोलताना एकदाही थांबली नव्हती. श्वास ओढायला नाही, खोकायला नाही. एवढं लांबलचक ती पावसानंतर पहिल्यांदाच बोलली होती, आणि ते सगळं त्याला रागावण्यात खर्च केलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उन्हानं आलं असं म्हणायची सोयही आता उरली नव्हती, म्हणून तो ते पुसत बसला नाही. "मला धुरकं जायला नको होतं," तो म्हणाला. "तू तिकडे गुदमरत होतीस आणि मला ते जायला नको होतं."

तिनं पिशवी उचलली. मग म्हणाली, "ते मी तुम्हाला इतक्यात विसरू देणार नाही. आता उतरा."

परतीच्या फेरीसाठी धक्क्यावर रांग लागली होती. सारंगानं केबिनला कुलूप घातलं आणि किल्ली बडबड्याच्या हातात ठेवली. "दुसरा सारंग मागव. साहेबाला सांग, मला दिसत नाही. असंच सांग, बरं नाही वगैरे नको." रांगेतली माणसं कुरकुरली, की भर धुरक्यात नेत होता आणि आज एवढ्या स्वच्छ हवेत ह्याला काय धाड भरली. त्यानं ऐकलं आणि तो फळीवरून खाली आला.

घंटेखाली उस्ताद दोरी हातात धरून बसला होता. चपलांच्या आवाजावरून त्यानं ओळखलं.

"वाजले किती?" त्यानं विचारलं.

सारंगानं मनगट डोळ्यांजवळ नेलं, पण काटे काही हाती लागेनात. बायकोनं वाकून बघितलं आणि सांगितलं, "साडेनऊ."

या वेळी म्हातारा "बरं" म्हणाला नाही. "साडेनऊच ना? मग दवाखाना उघडा असेल अजून," तो म्हणाला. "जा. मी बसलो होतो लोकांना फसवत, नि गेलो तोवर सगळं संपलं होतं. जा लवकर."

सारंग पुढे झाला. त्यानं वाकून म्हाताऱ्याच्या हातातली दोरी आपल्या हातात घेतली, एकदा घंटा वाजवली आणि दोरी परत दिली.

"आधी नात, मग दवाखाना," बायकोनं ठरवून टाकलं. "तिला अगदी नाकाशी धरून बघा, दिसेल. आणि चला आता, पायरी आहे इथं, खाली बघा, म्हणजे बघू नका, मी सांगते तसं या." पिशवी खांद्याला लावून ती पुढे निघाली. रस्त्यावर गर्दी होती, आणि ती बोलतच होती, पायऱ्यांबद्दल, झबल्यांबद्दल, टाकीबद्दल, त्याच्या मूर्खपणाबद्दल. सारंगानं मान जराशी वाकडी केली आणि त्या आवाजाच्या रोखानं तो चालू लागला.